घळीतली डोली

ऐका. पांघरुणं नंतर ओढा.

शिंगाडोंगराच्या माथ्यावर एक वाडी आहे, ढगांच्याही वर. तिथून आजारी माणसाला खाली न्यायचं, तर घोंगडीची डोली करायची, दांड्याला बांधायची आणि खांद्यावर घ्यायची. त्या वाडीची चांगुणा खाली बाजारगावात शिकत होती. निरोप आला, आई तापानं फणफणलीय. पोरगी दिवेलागणीनंतर एकटीच निघाली. पायथ्याचे म्हातारे म्हणाले, घळीतून नको, वळशाच्या वाटेनं जा. का, ते कुणी सांगेना. कारण सांगायला जीभ झिजते का यांची? चिडली ती, आणि घळीतच शिरली.

अर्ध्यावर धुकं उतरलं. वरून दोन माणसं आली, खांद्यावर डोली. मागचा म्हणाला, तुझीच आई आहे, मी दमलो, खांदा दे. डोंगरातली रीतच अशी, डोली दिसली की खांदा द्यायचा. दिला तिनं.

चालली. चालली. मग खटकलं. डोली नेताना पुढचा सारखा ओरडतो, दगड आहे, निसरडं आहे, आणि मागचा ओ देतो. हा पुढचा मुका. धाप नाही. थंडीनं तिच्या तोंडातून वाफ निघत होती, त्याच्या नाही. मागे वळून पाहिलं, तर खांदा सोडलेला माणूस गायब. आणि वाट? खाली उतरायची सोडून आडवी चाललेली, कड्याकडे.

"आई?" तिनं हाक मारली.

डोलीतून आईचाच आवाज आला. "दमलीस का गं, बाळा? थोडंच राहिलंय. चल."

ऐका बरं का. चांगुणाची आई माया करायची तीसुद्धा शिव्या देऊन. अशा अंधारात लेक घळीत दिसती, तर तापातून उठून थोबाडीत देती. हा गोडवा कुणाचा?

तिनं दांडा सोडला. दांडा पडलाच नाही! तसाच अधांतरी पुढे गेला, कड्यावरून, धुक्यात. तिच्या पायाखालचे खडे घरंगळले. खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

बसल्या बसल्या ती कड्यापासून मागे सरकली, मग दगड चाचपत वर घरी पोचली. आई तापात होती, पण जिवंत. उजाडताच डोली उचलली, वळशाच्या वाटेनं. मागचा खांदा चांगुणाचा, पुढे चुलतभाऊ हिरू. तो जरा गप्प झाला की ही म्हणे, "हिरूदादा, जिभेला काय झालं? ओरड."

"झोपू दे की गं, भवाने," डोलीतून आई कण्हली.

दवाखाना गाठला. वाचली.

तर घळीची वाट धरू नका. धरलीच, आणि समोरून गप्प डोली आली, तर खांदा देऊ नका. आतून आवाज कुणाचाही येवो.