पाकिटातला दुसरा फवारा

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा तयार कपड्यांचे अल्टरेशन, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील खोलीत मी एकटीच राहते. मला एक धाकटी बहीण आहे. ती कृत्रिम दात तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला असून तिचे सासर याच शहरात आहे. तिच्या पतीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी व्यसनी असून माझ्या पर्समधले नशेचे औषध मी त्यांच्या पत्नीच्या नाकात घातले, त्यामुळे ती अत्यवस्थ झाली आणि चार लोकांत त्यांच्या घराची बदनामी झाली. ही तक्रार मला वाचून दाखवली. बहिणीला आज संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडणार आहेत, म्हणून माझा जबाब त्याआधी घ्यावा अशी मी विनंती केली होती.

मी कधीही कोणत्याही नशेच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत.

बहिणीच्या मणक्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तिला दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुढे बंद केल्या. तिने केल्या नाहीत. नंतर ती त्या कोठून आणत होती हे मला माहीत नाही. पूर्वी ती सुट्टीच्या दिवशी दुकानात यायची आणि माझ्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बडबडायची. नंतर येऊन नुसती बसायची. एकदा बटणे निवडता निवडता मान खाली घालून झोपली. बटण बोटांत तसेच होते.

मी हे तिच्या पतीच्या कानावर घातले. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला स्वतःचा संसार नाही, म्हणून दुसऱ्याच्या संसारातली भोकं दिसतात." या वाक्याचा तक्रारीशी संबंध नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी सांगितले. तरी ते लिहून घ्यावे.

अशा गोळ्या जास्त झाल्या की श्वास बंद पडतो आणि नाकात मारायच्या एका फवाऱ्याने तो परत सुरू होतो, हे मला कळले होते. औषधाचे नाव नॅलोक्सोन. त्याने नशा येत नाही, उतरते. मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारले, "कोणासाठी?" मी बहिणीसाठी म्हणाले. तो म्हणाला, "मग तिला घेऊन या. पेशंट समोर असल्याशिवाय देता येत नाही."

"अहो, बेशुद्ध पडलेलं माणूस चालत कसं येईल?"

"बाई, नियम मी केलेला नाही. मागे लोक उभे आहेत."

दुसऱ्या दुकानात त्याने तेच विचारले तेव्हा मी म्हणाले, "माझ्यासाठी." त्याने माझ्या हातांकडे पाहिले. मला बाजूला उभे राहायला सांगितले, आधी बाकीच्यांची औषधे दिली. रांगेतल्या एका बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग त्याने हळू आवाजात फवारा कसा मारायचा ते समजावले आणि पाकीट दिले. पाकिटात दोन फवारे होते. त्या दुकानाच्या वहीत औषधापुढे माझे नाव आहे ते असे.

रविवारी बहिणीच्या नणंदेने नव्या घरी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावले होते. जेवण झाल्यावर बहीण आतल्या खोलीत आडवी झाली. थोड्या वेळाने तिच्या घोरण्याचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला. नणंदेचे यजमान म्हणाले, "वहिनींनी गिरणी सुरू केली बघा." सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "जेवली म्हणजे झालं. भांडी काय, आम्ही आहोतच घासायला." पुन्हा हसले.

तिच्या लग्नापर्यंत आम्ही दोघी एका अंथरुणात झोपलो. ती घोरत नाही. झोपेत दात खाते.

आवाज मध्येच थांबला. परत आला. परत थांबला आणि मग आलाच नाही. यजमान म्हणाले, "चला, बंद पडली एकदाची."

मी आत गेले. तिचे ओठ निळे होते. हाका मारल्या, छातीच्या हाडावर मूठ घासली, ती हलली नाही. मी पर्समधून एक फवारा काढून तिच्या नाकपुडीत मारला, मान मागे केली, नाक दाबून तोंडाने श्वास देऊ लागले. मध्येच ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणून ओरडले. नणंद दारातच उभी होती. ती म्हणाली, "ताई, हळू बोला ना. आमचे शेजारी नवीन आहेत." ॲम्ब्युलन्सला फोन मी केला. फोन उशाशी ठेवून त्यावर बोलले.

बहिणीने श्वास घेतला, मग डोळे उघडले, मग तिला उलटी झाली. ती मला म्हणाली, "काय केलंस ताई?" तिचे लक्ष दारात जमलेल्यांकडे गेले, तेव्हा तिने पदराने तोंड झाकले.

दवाखान्यात तिने पोलिसांना सांगितले की, मला चक्कर आली होती, ताईच्या पर्समध्ये काय असतं ते मला माहीत नाही. हे सांगताना ती सलाइनच्या नळीकडे बघत होती. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तिला त्याच घरात परत जायचे आहे.

माझी पर्स पोलिसांनी घेतली. त्यातला दुसरा फवारा जप्त करून लिफाफ्यात सीलबंद केला. पोलीस केस झाल्यामुळे दुकानदार मला नवीन पाकीट देत नाही. बहिणीच्या घरी एक असू द्या म्हणून मी तिच्या पतीला दवाखान्याच्या व्हरांड्यात हात जोडले. ते म्हणाले, "असलं औषध घरात ठेवायचं म्हणजे तिला सांगायचं, घे खुशाल, आम्ही बसलोय."

"आणि परत तसंच झालं तर?"

"होणार नाही. तिने मला शब्द दिलाय."

जप्त केलेला फवारा परत मिळेल का, असे मी विचारले. अंमलदार म्हणाले की, साहेबांच्या सहीने मिळू शकतो, पण ज्याचे औषध त्याच पेशंटला. "तुम्ही म्हणता मी काही घेत नाही. बहीण म्हणते मी काही घेत नाही. मग परत कोणाला द्यायचं?"

मी विचारले, "दुकानात ते माझ्या नावावर आहे ना?"

"आहे."

"मग माझंच आहे ते."

अंमलदार म्हणाले, "बाई, असं लिहून दिलंत तर त्यांची तक्रार खरी केल्यासारखं होईल. तुमच्या धंद्याचं काय? आणि मग ते लोक तुम्हाला दारात तरी उभं करतील का?" त्यांनी उठून मला पाणी आणून दिले. दवाखान्यातून किती वाजता सोडतात ते मी त्यांना पुन्हा सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले. बहिणीच्या सासरच्यांनी दारात उभे केले नाही तर मी त्यांच्या जिन्यात बसेन, असे मी सांगितले.

तरी मी आता सांगते की, अफूच्या जातीच्या गोळ्या मी घेते. मी कधीही घेतल्या नाहीत हे वर लिहिलेले वाक्य रद्द समजावे. कोणत्या गोळ्या असे विचारल्यावरून मी गोळ्यांचे नाव सांगितले. केव्हापासून असे विचारल्यावरून, मणक्याच्या ऑपरेशनपासून, असे सांगितले. कोणाच्या मणक्याच्या, असे अंमलदारांनी विचारले नाही. गोळ्या कोठून आणता यावर, माहीत नाही, असे सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. साहेबांची सही झाली असून लिफाफा मला मिळाला. त्याचे सील मी येथेच फोडून घेतले आहे, वेळेला नखांनी उकलत बसायला नको.