ठोक्यांची चुगली

छातीवर ठोके मोजणारी पट्टी लावून घ्यायला आलेले निवृत्त ड्रायव्हर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचं बोलणं रंगात आलं होतं.

“मुलानेच लावून दिली ना ही पट्टी? किती गं काळजी!”

“डोंबलाची काळजी! माझे ठोके त्याच्या मोबाईलवर, तिथून सुनेच्या, तिथून विहीणबाईंच्या. परवा शेजारचे मास्तर पेपर मागायला आले, तर लगेच फोन. ‘आई, एकशे दहा? कोण आलंय घरात?’”

“अगंबाई! मग?”

“म्हटलं, मेल्या, मी जिना चढून आले. तर म्हणतो, ‘थापा मारू नकोस, पावलं शून्य दाखवतंय.’”

“पट्टीवाले आजोबा कुठेत?” नर्सने हाक दिली.

ड्रायव्हरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“ते? ते मघाशीच गेले.”