सावकाश

—नको, ते कपाट नको उघडूस. साड्या आहेत तिथेच राहू देत. आधी बस. खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, पलंगावर बस. हो, ऐकलं मी, डॉक्टर म्हणाले मांडीचं हाड जुळलं, आजींना घरी न्यायला हरकत नाही. हरकत नाही म्हणाले — न्याच, असं नाही म्हणाले. चेष्टा केली रे. हाड जुळेपर्यंतच केअर सेंटरात राहायचं, असंच ठरलं होतं आपलं. सूनबाईने खोली लावून ठेवलीय, नवे पडदे आणलेत, कळलं मला. गुणाची पोर आहे, तिच्याबद्दल मी अक्षर बोलणार नाही.

आणि इथे काही स्वर्ग नाही हं. भाजी आळणी असते. परवा तपासणीची माणसं आली होती, एकेका म्हातारीला विचारत होती, जेवण कसं, तक्रार काय — बाकीच्या म्हणाल्या छान, मी म्हटलं भाजी आळणी असते. तोंडातून निघूनच गेलं. जन्मात कुणाच्या भाजीला नाव ठेवलं नव्हतं मी. म्हटलं, आता स्वयंपाकीण आपल्याला बघून घेणार. तर संध्याकाळी मिठाची वाटी घेऊन आली, म्हणाली, आजी, तुमचं तुम्ही घाला, बाकीच्यांना ब्लडप्रेशर आहे. संपलं. एवढंच.

त्या चष्मेवाल्या मुख्य बाई आहेत ना, त्यांनी आल्या आल्या शेजारी बसून विचारलं, चहा कसा लागतो? म्हटलं, कसाही. तर म्हणतात, कसाही चहा आमच्याकडे मिळत नाही. मग म्हटलं, बिनसाखरेचा. आला. अर्धा कप प्याले आणि लक्षात आलं — साखर तुझ्या बाबांना वर्ज्य होती, मला कुठे? ते जाऊन किती वर्षं झाली, आणि मी आपली त्यांचं पथ्य पाळतेय. सूनबाईही बिचारी आठवणीने बिनसाखरेचा देते. तिला काय स्वप्न पडणार? मीच कधी बोलले नाही. आता दोन चमचे घेते. बघतोस काय, तपासलीय त्यांनी माझी शुगर, तुझ्यापेक्षा बरी आहे.

आणि ती गप्पी — नाव वेगळंच आहे तिचं, पण दिवसाकाठी चार शब्द बोलते म्हणून आम्ही म्हाताऱ्या गप्पी म्हणतो — आंघोळीला तीच नेते. वॉकर धरून चालायला लागले त्या पहिल्या दिवशी मी भराभर दोन तांबे ओतले आणि निघाले, तर ही दारात पाठमोरी उभी. न वळताच म्हणाली, 'आजी, सावकाश. मागे कुणी नाहीये.' मी परत स्टुलावर बसले. बसूनच राहिले, पाणी गार होईपर्यंत. रडत नव्हते, नुसती बसले होते. मागे कुणी नाही, ही गोष्टच मला नवी होती. घरी सकाळी झुंबड — तुझं ऑफिस, सूनबाईचं ऑफिस, नातवाची शाळा, बाथरूम एक. मग मी आपली सगळ्यांच्या आधी उरकायचे. पडले त्या दिवशी गुडघा धरला होता, जरा उशीर झाला, इतकंच. फरशी काही ओली नव्हती, मी—

ओली होती. सांगितलं ना तेव्हाच. पाय घसरला.

असा बघू नकोस. बरं, कोरडी होती. तू दारावर टकटक केलीस, 'आई, झालं का?' म्हणालास. चढ्या आवाजातही नाही — कुणीही म्हणेल. मी घाईने उठायला गेले, परकर पायात आला. तुझा काही दोष नाही, म्हणून तर ओली म्हटलं. ओल्या फरशीला कुणी बोल लावत नाही.

आणि त्यासाठी इथेच राहतेय, असं मनात आणू नकोस. ते वेगळं, हे वेगळं. नाही, दुसरं बाथरूम बांधू नकोस. खोलीत काढायचं म्हणतोस? नको. — नको म्हणाले ना मी? म्हणाले. मलाच खरं वाटत नाहीये. सूनबाईला मी सांगेन फोनवर, तू मध्ये पडू नकोस, तू घोळ घालशील. लोकांना काय सांगायचं ते लोक विचारतील तेव्हा बघू. रविवारी या सगळे, दिवसभर बसा.

रुमाल घे. ऊठ आता. तुझी गाडी दारातच लावलीयस, मागे ॲम्ब्युलन्स अडकलीय, तो ड्रायव्हर कधीचा हात करतोय खालून. जा, आधी गाडी काढ.