मऊ उघडायला हवं

— नाही, नाही, तिथं नका ठेवू, इकडे आणा, चटईवर — आणि बूट काढा हो आधी, बूट घालून चटईवर कुणी येत नाही, एवढासा खडा छत्रीत अडकला तर भोक पडतं — हां, बसा त्या स्टुलावर. म्हणजे तुमची ही पॅराशूटची छत्री वर हवेत उघडताना थोबाडीत मारते म्हणता? मांड्यांवर वळ उठतात? राहू द्या, दाखवू नका, विश्वास आहे माझा. सगळे असेच येतात — "ताई, जरा मऊ करून द्या." उशीताई म्हणतात मला इथं, ठाऊक आहे ना? तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागं उशीताई. मला काही राग नाही त्याचा. मी बांधलेली छत्री वर उघडते ना, तेव्हा उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटतं म्हणे. मला कुठलं माहीत! मी आयुष्यात एकदाही उडी मारलेली नाही. हसा, हसा. सगळे हसतात. विमान कधी आहे तुमचं? चाळीस मिनिटं? पुष्कळ झाली. मला पंचवीस लागतात, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही, आणि कुणी घाई केली तर मी हात काढून घेते.

आता बघा, ही छत्री अशी खांद्यावर टाकायची, दोऱ्या ताठ, आणि घड्या एकेक करून बाहेर काढायच्या — पुस्तकाची पानं उलटतो तशा. लोक काय करतात? कोंबतात! गादीच्या खोळीत गादी कोंबावी तशी कोंबतात आणि वर म्हणतात छत्रीच वाईट. छत्री कशाला वाईट असेल? तुम्ही ताशी दोनशेच्या वेगानं खाली येताय, ती एकदम सगळी उघडली तर भिंतीवर आपटल्यासारखं होणारच. तिला हळूहळू उघडू द्यायचं — नाक थोडं आत गुंडाळायचं, हे पुढचं तोंड, जिथून हवा शिरते ते — म्हणजे हवा दबकत दबकत आत येते. आणि हा स्लायडर. हे चौकोनी कापड, चार कोपऱ्यांना चार कड्या, दोऱ्या त्यांतून ओवलेल्या. हा वर, अगदी वर, छत्रीच्या कापडाला टेकलेला पाहिजे. हाच सगळ्या दोऱ्या एकत्र धरून ठेवतो, छत्रीला म्हणतो, थांब बाई, दमानं घे. हा खाली सरकला की संपलं. म्हणून मी चारही कड्यांना बोट लावून बघते, दर वेळी. दादानं शिकवलंय ते. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ — अकरा वर्षांनी मोठा. उडी मारायला शिकवतो तो इथं — शिकवायचा.

हो, तोच. ऐकलंय ना तुम्ही? कसं नाही ऐकणार, सगळ्या मैदानावर तोच विषय आहे तीन आठवडे. मग हेही ऐकलं असेल की छत्री बहिणीनं बांधली होती. बघा! मान खाली घातलीत. म्हणजे ऐकलंय, आणि तरी माझ्याकडे आलात — का, माझा हात भरवशाचा म्हणून, की बघावं म्हटलं बाई दिसते कशी? असू द्या. उत्तर नका देऊ.

सोळा वर्षं, अहो. सोळा वर्षं त्याची प्रत्येक छत्री मी बांधली. एकदा, एकदासुद्धा झटका बसला नाही. खाली उतरला की लांबूनच ओरडायचा, "ए, डुलकी लागली होती गं वर!" एवढं ऐकलं की माझा दिवस सोन्याचा व्हायचा. आणि त्या दिवशी काय झालं — नवीन चार जण आले होते शिकायला, त्यांच्यासमोर मी ही अशीच त्याची छत्री खांद्यावर टाकलेली, नाक गुंडाळतेय, तर आला आणि हातातून ओढून घेतली. "हिचं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखं नटणं चालतं, तेवढ्यात विमान जाऊन परत येईल. बघा, सात मिनिटांत होतं." ते चौघं हसले. मीही हसले, काय करणार? चार लोकांसमोर भावाचा पाणउतारा करू? माझा झाला तो झाला. मी निघून गेले मागे, चहा घ्यायला. त्यानं काय केलं, कसं केलं, मला काही माहीत नाही, मी नव्हतेच तिथं. नंतर तीन हजार फुटांवर छत्री उघडली ती अशी की खाली उभ्या माणसांना आवाज आला. फटाक! मानेचे दोन मणके गेले. आता पट्टा लावून बसलाय, डाव्या हातात पाण्याचा पेला टिकत नाही. उडी संपली त्याची, कायमची.

आणि दवाखान्यात चौकशीवाले गेले, तेव्हा काय म्हणाला असेल? "पॅक बहिणीनं केलं होतं." बरं, तेवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं — माणूस दुखण्यात आहे, परीक्षक म्हणून त्याची नेमणूक तोंडावर आली होती, स्वतःच्या हातानं चुकलो म्हटलं असतं तर नाव गेलं असतं — समजतं हो मला. पण पुढं काय म्हणाला? "तिला काही करू नका. मी माफ केलंय तिला." माफ केलंय! मला! वहिनी आल्या होत्या घरी, माझा हात हातात घेऊन म्हणतात, "मनाला लावून घेऊ नका, चूक कुणाकडूनही होते." आई फोनवर रडते, "तुझ्या हातून कसं गं झालं?" आणि मी ऐकते. माझ्याच भावानं केसानं गळा कापला माझा, आणि वर सगळ्यांनी त्यालाच मोठ्या मनाचा ठरवला. मी काय पुरावा देऊ? रजिस्टरात सही माझीच आहे. आम्ही सगळेच पॅकवाले तसं करतो, खरं सांगते — सकाळी आलं की दिवसभराच्या सगळ्या बॅगांपुढं एकदम सह्या ठोकून मोकळं व्हायचं, मग एकेक बांधत बसायचं. नियमाप्रमाणं बांधल्यावर करायची सही. पण एवढ्या गर्दीत कोण करतो? आज दुपारी तीनला समिती बसतेय. माझा परवाना ठेवायचा की काढायचा. तो गेला तर मला दुसरं काही येत नाही हो, मला दोनच गोष्टी येतात, छत्री बांधणं आणि गप्प बसणं.

आता बघा इकडे, हे महत्त्वाचं. शेपूट, म्हणजे छत्रीची मागची कड, असं भोवती गुंडाळलं, घट्ट, आणि आता हवा काढायची — हिच्यावर अंगानं झोपायचं, पण हलके हलके, खालून वर नाही, वरून खाली नाही, जागच्या जागी. सगळी गोम इथं आहे. घाईत माणूस धपकन अंग टाकतो आणि आतल्या आत स्लायडर खाली घसरतो. कळतसुद्धा नाही. कळतं ते फक्त नीट बघितलं तर — गुंडाळीच्या खालच्या टोकाला स्लायडरचं कापड डोकावतं. दादाचं लाल आहे. चार बोटं बाहेर लोंबत होतं, चांगलं चार बोटं, आणि त्यानं ते तसंच दुमडून पिशवीत —

काय?

हो, चहाला गेले होते म्हटलं मी. गेलेच होते. मग चहा घेऊन माणूस परत येत नाही का? दारात उभी होते. पेला हातात. तो गुडघ्यावर बसला होता, माझ्याकडे पाठ — नाही, पाठ नव्हती. त्यानं वर बघितलं होतं माझ्याकडे. एकदा. आणि मी... तोंडातून एक शब्द काढायचा होता हो. "दादा, लाल दिसतंय." बस. सोळा वर्षांत हजारदा म्हटलं असेल. पण ते चौघं अजून हसत होते आणि माझ्या डोक्यात आलं, बसू दे एक झटका. मांड्यांवर वळ उठतील, चार दिवस लंगडेल, मग कळेल पंचवीस मिनिटं कशाला लागतात ते. मला काय माहीत मान — अहो, वळच उठतात हो! तुमचे नाही का उठले? तुमची मान आहे ना जागेवर? मग त्याचीच का?

आणि त्याला माहीत आहे. मी बघितलं हे त्यानं बघितलं. म्हणून तर बिनधास्त माझं नाव घेतलं त्यानं. समितीपुढं मी म्हणाले की त्यानंच बांधली, तर ते विचारणार, कशावरून? आणि मग मी काय सांगू? दारात उभी राहून चहा पीत होते? लहानपणापासून ओळखतो मला, कुठं दाबलं की मी गप्प बसते ते त्याला बरोबर ठाऊक आहे. भाऊ आहे ना.

हे झालं बघा. दोऱ्या रबरात अडकवल्या, एकसारख्या, एकही ढिली नाही. पिशवी बसली. पिन लागली. मऊ उघडेल, लोण्यासारखी. उचला. जा, विमान भरतंय तिकडे.

काय झालं? उचला ना.

अहो — पिन का काढताय? अहो, नीट बांधलीय ती, तुमच्या डोळ्यांसमोर बांधलीय, चारही कड्यांना बोट लावून... तुमच्याशी माझं काय वैर आहे? मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही!

...बरं. काढा. सगळी काढा बाहेर. नाही, मी नाही हात लावणार आता. चटई तुमची. बूट घालूनच बसा.