गाळा नंबर चौदाची अट

नाही नाही, बसा त्याच खुर्चीत, ती डोळे तपासायची आहे म्हणून काय झालं — दुसरी खुर्ची आहे कुठे? होती. असो. तुम्ही स्पर्धा आयोगाच्या, धंद्यातली मक्तेदारी मोडणाऱ्या, मान्य. कागद पुढे केलात, मी वाचला — म्हणजे वाचल्यासारखं केलं, फार बारीक छापता हो तुम्ही लोक. अट सोडून दिली असं लिहून द्यायचं, खाली सही ठोकायची, की प्रकरण मिटलं. कळलं. पण मॅडम, आल्यापासून तुम्ही डोळे बारीक करून भिंतीवरचा तक्ता वाचताय, ते मला कसं नाही दिसणार? जन्म गेला यात. ही फ्रेम चढवा. चढवा हो, याला काही लागत नाही. उजवा डोळा झाका आणि वरून चौथी ओळ — हं. अंदाजे वाचू नका, दिसतं तेवढंच वाचा.

तर ती अट. तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा मोठा बेरकी, सगळ्या सेंटरचं गिऱ्हाईक दावणीला बांधून बसलाय. छे! हे शॉपिंग सेंटर उभं राहिलं तेव्हा इथे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. पहिला गाळा आम्ही घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी इथे डोळे तपासायचो आणि तो त्या पडद्यामागे काचा घासायचा — यंत्र अजून आहे, झाकून ठेवलंय. बिल्डर गोड बोलत होता. धाकटा म्हणाला, गाळा घेतो, पण उद्या शेजारी एखादी बडी चष्म्याची कंपनी आणून बसवलीस तर? तेव्हा खरेदीखतात लिही — या संकुलात चष्म्याचा धंदा दुसऱ्या कोणीही करायचा नाही, आणि पुढे जो जो गाळा विकशील त्याच्या खतात हीच ओळ घालायची. कल्पना त्याची बरं का, माझी नव्हे! माझं कसलं डोकं चालतंय एवढं. आणि खत झालं माझ्या एकट्याच्या नावावर, कारण मी थोरला. दोघांची नावं घालावीत हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले — दोन नावं कशाला? आता डावा डोळा झाका.

काय म्हणालात? पहिली चार-पाच वर्षं अट चालली असती — हो, नवा धंदा, जम बसेपर्यंत आडोसा हवा, तेवढं कायदाही समजून घेतो. पण बावीस वर्षं म्हणजे फार झालं, गिऱ्हाइकानं दुसरीकडे जायचं कुठे? पटतं हो मला, मी काही अडाणी नाही. तुम्ही विचाराल, मग सोडली का नाही? तर मध्ये आम्ही वेगळे झालो. कशावरून म्हणाल तर — हसाल तुम्ही. तो म्हणाला, दादा, तपासणी मीही शिकलोय, अधूनमधून मलाही पुढे बसू दे. मी म्हणालो, तुझी जागा पडद्यामागे. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्यासमोर म्हणालो. त्यानं हातातली काच पूर्ण घासली, फ्रेममध्ये बसवली, हात पुसले आणि गेला. काम अर्धं टाकून नाही गेला, हे बघा. वर्षाच्या आत त्यानं चौदा नंबरचा गाळा घेतला — तो समोरचा, शटर ओढलेला. पाटी रंगवून आणली. आणि मी वकिलाची नोटीस धाडली. त्याच्याच डोक्यातून निघालेली ओळ त्यालाच वाचून दाखवली! चष्म्याचा धंदा दुसऱ्या कोणीही करायचा नाही. म्हणजे माझा भाऊ दुसरा कोणी झाला. मला वाटलं, आठ दिवसांत येईल, भांडेल, शिव्या देईल. नाही आला. अकरा वर्षं झाली, पाटी अजून आत भिंतीला टेकून उभी आहे.

राग? राग कसला आता. राग केव्हाच गेला. दुकानात दिवसाला एखादं माणूस येतं, तेही दुसऱ्याच दुकानाचा पत्ता विचारायला. काचा मी बाहेरून घासून आणतो. धंद्यासाठी अट धरून बसलोय असं वाटतं तुम्हाला? अहो, धंदा आहे कुठे! मला ठाऊक आहे, चौदा नंबरला गिऱ्हाईक तयार आहे — तीच, बडी चष्म्याची कंपनी; दुसरं कोणी विचारतही नाही. अट गेली की धाकटा गाळा विकणार आणि मुलीकडे जाणार राहायला, लांब, कायमचा. अट आहे तोवर गाळा विकत नाही, आणि गाळा विकत नाही तोवर तो या गावात — हे लिहू नका. लिहिलंत? खोडा ते. तुमच्या सुनावणीला तो येतो, समोरच्या बाकावर बसतो. मी एकही तारीख चुकवली नाही, वकील म्हणतो तुम्ही नाही आलात तरी चालेल — चालेल काय? मागच्या तारखेला जिन्यात गाठ पडली. माझ्याकडे बघितलं त्यानं, म्हणजे माझ्या चष्म्याकडे. म्हणाला, दादा, नंबर बदललाय तुझा. बस, एवढंच. अकरा वर्षांत एवढंच. आणि खरंय ते. या काचा त्यानंच घासलेल्या. आता आपले डोळे आपल्याला तपासता येत नाहीत हो, दुसरं माणूस लागतंच. गावात आहेत की तपासणारे. पण मी नाही गेलो कोणाकडे.

फ्रेम काढा. तुमचाही नंबर वाढलाय, कागदावर लिहून देतो, काचा मात्र दुसरीकडे करा. बरं, पुढची तारीख कधी? — तारीख नाही? म्हणजे काय? मी सही नाही केली तर आयोग आपणहून अट रद्द करणार, निकाल टपालानं येणार? आणि सुनावणी? ती झाली म्हणता. म्हणजे त्या जिन्यातली गाठ, ती शेवटची.

थांबा, मॅडम. पिशवी ठेवा खाली. द्या तो कागद. करतो सही, आत्ता करतो, गाळा विकू दे त्याला, जाऊ दे मुलीकडे, सुखात राहू दे. फक्त वर एक ओळ घाला, माझी अट म्हणून — जाण्याआधी त्यानं एकदा इथे यायचं, मी त्या खुर्चीत बसेन, त्यानं पुढे उभं राहायचं आणि माझे डोळे तपासायचे. गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाइकासमोर. घाला की! का? असली अट कायद्यात बसत नाही? ती बावीस वर्षं बसली आणि ही नाही बसत?

बरं. नसेल बसत. द्या पेन, कुठे करू सही — बोट ठेवा जरा, मला ती रेघ दिसत नाही. झाली? या मग तुम्ही. दार ओढू नका, असू दे उघडं.