ताईची बोटं आणि एक जड फाइल

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, वाचनालयाचे आजी-माजी कर्मचारी, सभासद बंधुभगिनींनो, आणि आज निवृत्तीच्या दिवशी, नोकरीत पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला बसलेले आपले रीळमामा,

मामा, ती दुपार आठवते? तुमच्या खोलीत आपण दोघं संगणकासमोर बसलो होतो. पडद्यावर आलं, दोन टक्के. आपण चहा घेतला, कप विसळले, परत आलो. तीन टक्के! जुन्या टेपा संगणकावर चढवणं तुमचं काम, आणि "अजून झालं नाही?" असं विचारणं माझं, मुख्य ग्रंथपालाचं.

त्या टेपमध्ये आपल्या रौप्यमहोत्सवात मुलं नाचत-गात होती आणि कडेच्या खुर्चीत माझी ताई बसली होती. फाइल एवढी जड, की फोनवरून भाचरांना जाईना.

"लहान करा ना, मामा."

"बाई, दाबलं की काहीतरी जाणारच."

"जाऊ दे. आणि मोठी पुसून टाका. एकच गोष्ट दोनदा कशाला?"

तसा लेखी आदेशही दिला, सहीशिक्क्यानिशी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी टापटीप अंगात भिनवली होती, दुसरं काय!

पुढे ताई गेली. घरात सगळे जमलो आणि ती छोटी फाइल टीव्हीवर लावली. फोनवर बरी दिसायची. इथे मुलं गाताहेत आणि कडेला नुसते चौकोन. धाकटा भाऊ म्हणाला, "ही ताई, की न्हाणीघरातल्या फरशा?" आम्ही हसलो. मग कुणालाच हसू येईना.

भाच्याने ती फाइल चौपट मोठी करून दिली. मी विजयी मुद्रेने मामांकडे! मामांनी पाहिली आणि म्हणाले, "बाई, धुण्यात आटलेला स्वेटर ओढला तर बाही लांबते, लोकर वाढत नाही."

"पण मुलं नीट दिसतात. ताईच का नाही?"

"संगणक कामचुकार असतो. जे हलतं तेवढंच नव्याने काढतो, बाकीचं मागच्या चित्रातून उचलतो. मुलं नाचत होती, सगळी जागा त्यांनी खाल्ली. तुमच्या ताई शांत बसल्या. त्यांना तो फर्निचर समजला."

आता सांगा, संगणकाला मी काय बोलू? आमच्या घरानेही तिला जन्मभर वेगळं काय समजलं?

माझे डोळे भरले तसे मामा उठले. कपाटातून एक डिस्क काढली. वर चिठ्ठी: 'खराब. उघडू नये.' आत माझ्या आदेशाची घडी.

"तुम्ही लिहिलं होतं, दुहेरी प्रती पुसा. ही दुहेरी नव्हती, बाई."

मोठ्या फाइलमध्ये ताई शांत नव्हतीच. खुर्चीच्या हातावर तिची दोन बोटं ताल धरत होती. "मला गाण्यातलं काही कळत नाही" म्हणणारी माझी ताई! आणि खरंच कळत नव्हतं हो, प्रत्येक ठेका चुकत होता. ते चुकणं मी त्या दुपारी अकरा वेळा पाहिलं.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण जाहीर केलंत, की सोमवारी ते कपाट रिकामं होईल, सगळ्या फाइली लहान होतील, जागा मोकळी होईल. टाळ्याही पडल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या कपाटात तुम्हा सगळ्यांचं कुणी ना कुणी कडेच्या खुर्चीत बसलेलं आहे.

मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषण लांबलं, लहान करायला गेले असते तर काहीतरी गेलंच असतं. चुकलंमाकलं पोटात घाला.

आता वाटप, म्हणजे घोळ नको. छोट्या फाइली ज्याला त्याला फोनवर द्याव्यात, हौसेने बघाव्यात. मोठ्या आहेत तिथेच राहतील. कपाटाची किल्ली दुसऱ्या रांगेतल्या नव्या तंत्रज्ञ मुलीला. 'खराब, उघडू नये' या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही तिलाच, लागतील. ताईची ती कडेची खुर्ची निरोपाची भेट म्हणून मामांच्या घरी जाईल, टेम्पो बाहेर उभा आहे.

आणि माझा तो सहीशिक्क्याचा आदेश अध्यक्षांना. मजकूर तोच आहे, साहेब. पुन्हा लिहायचे कष्ट नकोत. फक्त पाळला कसा जातो, ते मामांना विचारा.