विमानाचा ब्रेक

विमान उडतंय तोच दुसरं विमान नाकासमोरून गेलं, नि पहिलं प्रवाशांसकट माघारी उतरलं. आता नव्या विमानाच्या रांगेत उभं राहावं की घर गाठावं, या विचारात पडलेल्या, त्याच विमानातल्या एका शिंप्यापुढे एक निवृत्त बसड्रायव्हर नि त्याची बायको उभी होती.

"मी नाही चढायची."

"अगं, लेकीचे दिवस भरलेत. तिथं कोण आहे तिचं?"

"पुन्हा कुणी आडवं आलं म्हणजे?"

"मी आहे ना! त्या विमानातल्या माणसाची मिशी दिसली, तसा करकचून ब्रेक दाबला."

"अहो, तो माझा पाय होता!"

"म्हणून तर लागला! विमानानं कसं मुकाट तोंड फिरवलं?"

"टम्म सुजलाय."

"उभ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही माझ्या."

"पुरे! पिशवी धरा, चला. या खेपेला डावा पाय देते."